रिकाम्या जागेभोवती

१

मी अळ्यांच्या रक्तातल्या पेशी मोजायचे. हीच माझी नोकरी. नव्या ओळखीच्या माणसाला हे सांगितलं की तो हमखास विचारायचा, "अळीला रक्त असतं?" असतं. लाल नसतं, एवढंच. फिकट पिवळं असतं आणि उघड्यावर राहिलं की थोड्याच वेळात काळं पडतं.

आमची प्रयोगशाळा तीन मजली इमारतीत सगळ्यात वर होती. खाली बँक, मध्ये दातांचा दवाखाना, वर आम्ही. कंपन्या आमच्याकडे धातूंच्या ऑक्साइडची पूड पाठवायच्या. जस्ताची, तांब्याची, टायटॅनियमची. पूड इतकी बारीक, की चिमटीत धरली तरी चिमटीला पत्ता लागायचा नाही. ती उन्हात लावायच्या क्रीममध्ये जाते, रंगात जाते, जखमेच्या पट्टीत जाते. ती जिवाला किती बाधते हे माणसाला विचारायच्या आधी अळीला विचारायचं. अळी तक्रार करत नाही.

सकाळी काका ट्रे घेऊन यायचे. काका म्हणजे अळ्या वाढवणारे. मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाणाऱ्या पांढरट अळ्या, बोटाच्या पेरापेक्षा थोड्या मोठ्या. "घ्या तुमचं सैन्य," म्हणायचे, "रात्रभर खाऊन झोपलंय, आता देशासाठी मरू द्या." अळी बर्फावर ठेवून सुस्त करायची, मागच्या पायाला सुई टोचायची, येणारा थेंब चौकटी आखलेल्या काचेवर घ्यायचा, वर निळ्या रंगाचा एक थेंब. मेलेली पेशी निळी होते, जिवंत तशीच राहते. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि मोजायचं.

पूड आत गेली की या पेशी पळून जात नाहीत. धावून येतात. एक येते, कण गिळते, फुगते, मरते. दुसरी तिथंच येते. कणांचा गोळा मोठा असला तर सगळ्या मिळून त्याला वेढा घालतात, थरावर थर, आणि आतल्या थरापासून काळ्या पडत जातात. बावीस वर्षं मी हे पाहत होते. त्यात मला कधी काही वाटलं नाही.

माझा नवरा त्याच मजल्यावर, पूडखोलीत होता. तो मूळचा घड्याळजी. लोकांनी घड्याळं दुरुस्त करणं सोडलं तेव्हा दुकान बंद झालं आणि तो घरी बसला. मीच आमच्या मॅडमना सांगितलं, याचा हात हलत नाही, सोनाराच्या काट्यापेक्षा स्थिर आहे. पूड तोलायला असाच हात लागतो. त्याला तिथं मी आणलं, हे आधीच सांगून टाकते.

एका मंगळवारी मी कंट्रोलच्या अळ्या घेतल्या. कंट्रोल म्हणजे ज्यांना पूड द्यायचीच नाही त्या. त्यांचा थेंब कंटाळवाणा असतो, पेशी इकडेतिकडे विखुरलेल्या. त्या दिवशी त्या एका जागेभोवती गोळा झाल्या होत्या. व्यवस्थित वेढा, तीन थर. आतला थर निळा.

मध्ये काहीच नव्हतं.

२

बुडबुडा असेल. पहिलं मनात तेच आलं. काचेखाली हवेचा बुडबुडा राहिला की असं दिसतं. पण बुडबुड्याला काळी कड असते आणि या जागेला कडच नव्हती. मी काच धुतली, दुसरा थेंब घेतला. पुन्हा वेढा.

मग मी सगळं बदललं. नवी काच, नवी सुई, नव्या बाटलीतला रंग. काकांना म्हटलं, "दुसऱ्या डब्यातल्या द्या."

"अळ्यांत काय डावंउजवं असतं का गं?" ते म्हणाले, पण दिल्या.

बारा अळ्यांपैकी नऊ जणींत तेच. रिकामी जागा, भोवती पेशी, आतल्या मेलेल्या. मी भिंग वाढवून पाहिलं. एक जिवंत पेशी लांबून येत होती. आपले पातळ पाय पसरत, थांबत, पुन्हा पसरत. मेलेल्यांच्या पाठीला टेकली आणि सपाट झाली. तिला ढकलणारं काही नव्हतं. ओढणारंही मला दिसलं नाही.

मॅडमनी डोळा लावला, दहा सेकंद पाहिलं. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. बाई हुशार, बोलायला तुटक. "कंट्रोलमध्ये पूड गेलीय. कुणाच्या तरी हातून."

"गेली असती तर मध्ये दिसली असती ना, मॅडम."

"मग डोळे तपासून घ्या," त्या म्हणाल्या. रागाने नाही. मला ते पटलंसुद्धा. संध्याकाळी घरी जाताना मी चष्म्याच्या दुकानात जाऊन आले. नंबर तोच होता.

३

जेवणाची सुट्टी दीडची. नवरा आणि मी जिन्याजवळच्या बाकावर डबा उघडायचो. त्या गुरुवारी तो आला नाही. पावणेदोन झाले, भाजी गार झाली, तेव्हा मी पूडखोलीकडे गेले.

पूडखोली लहान आहे. एका भिंतीला तोलायचा काटा, काचेच्या पेटीत. दुसरीकडे पुडीच्या बरण्यांचं कपाट. वर हवा ओढणारा पंखा, तो कायम घुमत असतो, आणि समोर उंचावर एक खिडकी. मध्ये मोकळी फरशी. दाराला वहीएवढी काच आहे. तिच्यातून मी पाहिलं.

नवरा आणि काका समोरासमोर उभे होते. दोघांच्यात हातभर अंतर. दोघांच्या माना किंचित खाली. दोन माणसं जड टेबल उचलायच्या आधी उभी राहतात तसे. पण टेबल नव्हतं. काकांना त्या खोलीत यायची मनाई होती, अळ्यांना पूड लागू नये म्हणून. हा नियम त्यांनीच तेरा वर्षं सगळ्यांना ऐकवला होता.

मी दार वाजवलं. दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि हसले, अगदी रोजच्यासारखे.

"काय चाललंय रे?"

"काही नाही. बोलत होतो," नवरा म्हणाला.

मी काचेतून दोन मिनिटं पाहत होते. एकाचाही ओठ हलला नव्हता. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. पण माणूस आपल्या नवऱ्याला काय विचारणार? तू मित्रासमोर गप्प का उभा होतास? मी डबा पुढे केला. त्यानं सगळा खाल्ला, भाजीत मीठ कमी आहे म्हणाला. मीठ खरंच कमी होतं.

४

दुसऱ्या दिवशी तिघं होते. साफसफाईच्या मावशी, हातात ओला बोळा तसाच. सोमवारी पाच. दीडला आत जायचे, दोनला बाहेर यायचे, आपापल्या कामाला लागायचे, चहा मागायचे, काका नेहमीचे विनोद करायचे. फक्त त्या अर्ध्या तासात पंख्याचा आवाज बदलायचा. बंद नाही व्हायचा. कुणीतरी त्याच्यावर उशी दाबून धरल्यासारखा बारीक व्हायचा. आणि मधूनच बुटाचे तळवे फरशीवर सरकल्याचा आवाज. कुणीतरी कुणालातरी जागा करून देत होतं.

मॅडमना सांगायला मी त्यांच्या खोलीत गेले. खोली रिकामी. चहा टेबलावर, वाफ येत होती. मी पूडखोलीच्या काचेला डोळा लावला. मॅडम दुसऱ्या रांगेत होत्या, मावशींच्या पाठीला टेकून.

घरी मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. आमची मुलगी, छोटी, बाहेर अभ्यास करत होती. तो चहाचं पातेलं उतरवत होता. चिमट्याशिवाय, नुसत्या हातानं.

"अरे, हात!"

त्यानं पातेलं शांतपणे खाली ठेवलं आणि तळहात पाहिले. बोटांच्या आतल्या बाजू करड्या झाल्या होत्या, पेन्सिलीचं शिसं चोळल्यासारख्या. "बधिर झालेत जरा," म्हणाला.

मी त्याचे हात साबणानं धुतले. करडेपण गेलं नाही. धुता धुताच विचारलं, "काय आहे रे तिथं?"

तो खोटं बोलणारा माणूस नाही. त्यानं विचार केला. "काही नाही. खरंच काही नाहीये."

"मग कशाला उभे राहता?"

"सोडून कसं यायचं?" तो म्हणाला, मी काहीतरी मूर्खासारखं विचारल्यासारखा. "कुणी नसलं तर ते उघडं राहतं."

"ते म्हणजे काय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. उत्तर शोधत होता, मला बरं वाटावं म्हणून. बाहेरून छोटीनं हाक मारली, "बाबा, अपूर्णांक चुकतायत." तो हात पुसून तिच्याकडे गेला आणि गणित बरोबर सोडवून दिलं.

५

बुधवारी दोन वाजता सगळे बाहेर आले, काका आले नाहीत. ते आत फरशीवर पडले होते, गुडघे पोटाशी घेऊन. हृदय बंद पडलं, असं सांगितलं. दोन दिवसांनी मी त्यांच्या बायकोला भेटायला गेले. काकू दारातच म्हणाल्या, "त्यांनी आयुष्यात विडी ओढली नाही गं. डॉक्टर म्हणतात छाती आतून काळी झालीय. कोळशासारखी. तू तिथंच असतेस, तू सांग, काय करत होते हे?"

"अळ्या वाढवत होते," मी म्हटलं. याहून खरं मला काही माहीत नव्हतं.

"तेच तर."

शुक्रवारी दीडला मी काचेतून पाहिलं. मला वाटलं होतं, आता तरी घाबरतील. वेढ्यातली फट बुजली होती. काकांच्या जागेवर माझा नवरा होता, सगळ्यात आत. बाहेरच्या रांगेत दातांच्या दवाखान्यातली नर्स उभी होती. तिला आमच्या मजल्यावर काहीच काम नव्हतं.

त्याच दिवशी मी दोघांचे राजीनामे मॅडमच्या टेबलावर ठेवले. शनिवारी सकाळच्या बसनं आम्ही तिघं माझ्या ताईकडे गेलो, दुसऱ्या गावात, सहा तासांवर. तो खिडकीशी बसला, छोटीला झाडांची नावं सांगत होता. निम्मी चुकीची सांगत होता, तिला चिडवायला.

ताईनं कारण विचारलं नाही. तिनं गाद्या घातल्या. तीन दिवस मला वाटलं, सुटलो. तो पोटभर जेवला. ताईचं भिंतीवरचं घड्याळ कित्येक वर्षं बंद होतं, ते त्यानं उघडलं, बधिर बोटांनी, चाकं जिभेच्या टोकाला लावून ओळखत, आणि चालू केलं. ताई म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला इथंच ठेवून घेते." तो हसला. त्या हसण्यावर मी किती घरं बांधली.

बुधवारी सकाळी मी अंघोळ करून आले तर तो नव्हता. अंथरूण नीट घडी केलेलं.

६

मी पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. कामाचा दिवस होता. बँकेचं शटर अर्धं वर, आत एकही माणूस नाही. दवाखान्यात दिवा चालू, खुर्ची मागे कललेली, तीत कुणी नाही. बेसिनच्या नळाचं पाणी चालू होतं. मी तो बंद केला. का केला माहीत नाही, पाणी वाया जातं म्हणून केला असेल.

वरच्या मजल्यावर ओळीनं माणसं. पूडखोलीचं दार उघडं आणि खोली भरून माणसं बाहेर व्हरांड्यात आली होती. सगळ्यांची तोंडं आत. बँकेचा शिपाई, दंतवैद्य पांढऱ्या कोटात, पत्रं आणणारा माणूस पिशवीसकट. कुणी ढकलत नव्हतं. एकमेकांच्या पाठीला छाती टेकून, खांद्याला खांदा लावून, श्वास घेत होते. तोही एकाच वेळी. मी म्हटलं, "बाजूला व्हा, माझा माणूस आहे आत." त्यांनी लगेच जागा दिली. अगदी अदबीनं सरकले. मला त्याची सगळ्यात जास्त भीती वाटली.

मी आत शिरत गेले. मॅडमचा खांदा ओलांडला, त्यांचा चष्मा नाकावरून घसरला होता आणि त्यांनी तो वर केला नव्हता. आतली माणसं गार होती. बाहेरची उबदार, आतली गार. मावशींच्या गळ्यावर करडे डाग होते. त्या उभ्या होत्या, पण आजूबाजूच्यांनी धरून ठेवलं होतं म्हणून.

नवऱ्याची पाठ मी शंभरांत ओळखते. मी त्याचा सदरा धरला आणि त्याच्या काखेखालून मला मधली जागा दिसली.

फरशी होती. आमचीच करडी फरशी, एक कोपरा फुटलेली. वरच्या खिडकीतून ऊन येत होतं, इतक्या माणसांच्या सावल्या आत झुकल्या होत्या, आणि त्या सगळ्या एका रेषेवर येऊन संपत होत्या. कापल्यासारख्या. त्या रेषेच्या आत सावली नव्हती. ऊनही नव्हतं. फरशी दिसत होती, पण कशानं दिसत होती ते सांगता येणार नाही. ती जागा उघडी होती. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. त्यानं वापरला होता तोच बरोबर होता. आणि मला वाटलं, हे असं ठेवून कुणी कसं जाईल?

"आलीस?" तो म्हणाला. मान वळवली नाही. आवाज कोरडा, पण त्याचाच. "छोटी कुठंय?"

"ताईकडे."

"बरं केलंस."

"चल ना रे. चल घरी."

त्यानं कोपर अंगाशी आवळलं. हळूच, पण घट्ट. फट बुजली. मला फक्त सदऱ्याचं कापड दिसत राहिलं. त्यानं मला बाहेर ठेवलं की ती जागा झाकली, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. तो चांगला माणूस होता. दोन्ही असेल.

तेवढ्यात माझ्या पाठीला कुणीतरी टेकलं. ऊब आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यानंच मी भानावर आले. मी खाली बसले आणि पायांमधून रांगत बाहेर निघाले. कुणी अडवलं नाही. माझी जागा माझ्यामागे लगेच भरली.

७

चौथ्या दिवशी अग्निशमन दलाची माणसं आत गेली. सात जण दगावले होते, त्यांत मॅडम, मावशी, आणि तो. पूड हवेत मिसळली, फुप्फुसात गेली, असं अहवालात आलं. बाकीच्यांना काहीच आठवत नव्हतं. इमारतीला कुलूप लावलं. आठवडाभरात ते कुणीतरी काढलं होतं, पण काढणारा सापडला नाही.

मी जबाब दिला. काचेवर काय पाहिलं तेही सांगितलं. लिहून घेणारा साहेब सभ्य होता. म्हणाला, "बाई, धक्का मोठा आहे. विश्रांती घ्या." मी त्याच्याशी वाद घातला नाही. मी स्वतः बावीस वर्षं मोजून मगच विश्वास ठेवणारी. माझ्या मोजणीत तिथं शून्यच होतं.

आता आम्ही ताईकडे असतो. छोटीला इथल्या शाळेत घातलंय. ती बाबांबद्दल विचारायची, आता कमी विचारते. मी तिच्या डब्याचं बघते, कपडे वाळत घालते. दुपारी दीड वाजला की हातातलं काम थांबतं. मी विचार करते, आतल्या रांगेत त्याच्या जागेवर कोण असेल. कुणीच नसलं तर?

काल सकाळी मी पिशवीत एक साडी भरली. ताईला म्हटलं, "जरा दोन दिवस जाऊन येते. सामान राहिलंय तिथं." सामान काही राहिलं नव्हतं.

ताई इस्त्री करत होती. तिनं इस्त्री उभी ठेवली, वायर काढली, आणि म्हणाली, "थांब, मीही येते."

"तू कशाला? तुझं तिथं काय काम?"

"काम काही नाही गं," ती म्हणाली. जरा गोंधळल्यासारखी. ते गाव तिनं कधी पाहिलेलंसुद्धा नाही. "पण यायला हवं ना."

मी नको म्हणायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि म्हटलं, "मग छोटीला कुणाकडे ठेवायचं?"

"शेजारणीकडे ठेवू. त्या ठेवून घेतील."

मी त्यांना विचारायला दार उघडलं. शेजारीण बाहेर उभी होती, पायात चपला, खांद्याला पर्स, मागे तिचा नवरा, त्याच्यामागे वरच्या मजल्यावरचे आजोबा. छोटी अंगणात खेळत होती ती केव्हाच त्यांच्यात येऊन उभी होती. शेजारणीनं तिचा हात धरला होता.

"निघायचं ना?" शेजारीण म्हणाली.